दोन ॲम्पिअर आणि एक बारीक तार

मुंबईहून आलेली टॅक्सी किवळ्याला द्रुतगती मार्ग सोडते आणि देहूरोडपाशी कात्रजकडे जाणाऱ्या बायपासला लागते. घाटापासून फोन चार्जिंगला लावलेला, नकाशा चालू, स्क्रीन पूर्ण उजेडात. तरी बॅटरी आणखी उतरलेलीच. चालक आधी चार्जर बदलतो, मग फोनवर संशय घेतो. वायर दिसायला धडधाकट, म्हणून ती सुटते. बहुतेकदा दोष तिचाच असतो.

मूळचे बडोद्याचे अजय भट आणि इंटेलमधले त्यांचे सहकारी यूएसबीच्या मागे लागले ते संगणकाच्या टेबलासाठी. १९९६ साली पहिलं मानक आलं तेव्हा कीबोर्ड-माउसला अर्धा ॲम्पिअर पुष्कळ होता. आजचा फोन गाडीत दोन ॲम्पिअर मागतो. साध्या केबलमध्ये चार तारा: लाल-काळीतून वीज, पांढरी-हिरवीतून माहिती. वीजतारा २८ गेजच्या असतील, तर दोन मीटरच्या केबलला जाऊन-येऊन सुमारे ०.८५ ओहम रोध. दोन ॲम्पिअरला १.७ व्होल्ट वाटेतच गळतात, पाचातले ३.३ उरतात. दाब पडताना दिसला की फोन स्वतःच कमी वीज घेतो. २० गेजच्या तारेत हीच गळती पाव व्होल्टच्या आसपास. गेजचा आकडा लहान तितकी तार जाड, हे दुकानात उलटं सांगणारेही भेटतात. केबलवर दोन आकडे छापलेले असले, तर दुसरा सहसा वीजतारांचा. वरच्या विणलेल्या आवरणावर भाळू नये. तुटक्या केबलची तार ब्लेडने खरवडावी. आतून पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियम, तांब्याचा नुसता मुलामा.

केबल स्वतः जोडायची असेल तर रंगांवर विसंबू नये, मीटरने तपासावं. गूगलमधला अभियंता बेन्सन लुंग टाइप-सी केबली तपासत असे. २०१६ मध्ये एकीत वीज आणि अर्थ उलटे जोडलेले निघाले आणि त्याचा लॅपटॉप गेला.

डाग देताना आधी तांबं तापवावं, मग राळ भरलेली साठ-चाळीसची सोल्डर तार टेकवावी. (श्रिंक स्लीव्ह त्याआधीच ओवावी, नंतर आठवते.) पण गाडीत खरी परीक्षा वेगळी. सोल्डर तारेच्या पेडांत झिरपतं आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. हादऱ्यांनी तार तुटते ती डागावर नव्हे, तर हा ताठरपणा संपतो तिथे. गाड्यांच्या वायरिंगमध्ये म्हणूनच दाबून बसवलेल्या टर्मिनलना पसंती असते. स्लीव्ह डागाच्या बरीच पुढे न्यावी, वायर तिथेच पट्टीने बांधावी, जोडावर ताण येऊ देऊ नये.

मागच्या काचेवरच्या डॅशकॅमला लांब यूएसबी नेण्यापेक्षा बारा व्होल्टचीच वायर फ्यूज लावून तिथवर न्यावी आणि पाच व्होल्टचा कन्व्हर्टर कॅमेऱ्याजवळ बसवावा. ट्रकमध्ये मात्र चोवीस व्होल्ट असतात, तेव्हा कन्व्हर्टर तेवढ्याचा आहे ना, हे त्यावर वाचूनच जोडावा.