धानाच्या बांधीत बीट : लागवडीची पद्धत आणि उत्पादन

गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा. हलके धान निघाल्यावर ज्यांच्याकडे विहीर, बोडी किंवा तलावाचे पाणी आहे, त्यांना थोड्या क्षेत्रात बीट घेता येते. बीटाला थंड हवामान मानवते. मात्र एकाच बियाण्यापासून एका बांधीत गोल, भरदार कंद मिळतात, तर दुसरीत वाकडेतिकडे आणि बारीक. हा फरक बहुधा लागवडीच्या पद्धतीमुळे पडतो.

जमीन : रोवणीसाठी केलेल्या चिखलणीमुळे बांधीत खाली घट्ट थर तयार होतो. मूळ तेथे अडते, फाटे फुटतात व कंदाचा आकार बिघडतो. म्हणून वाफसा येताच खोल नांगरणी करून ढेकळे फोडावीत व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. सिहार जमिनीपेक्षा कन्हार जमिनीत निचऱ्याकडे अधिक लक्ष द्यावे.

पेरणीच्या पद्धती : बी फेकून पेरल्यास रोपे कोठे दाट तर कोठे विरळ होतात आणि निंदणही अवघड जाते. सपाट वाफ्यात ओळीने पेरणी त्यापेक्षा बरी. हलक्या जमिनीत ती चालते. भारी बांधीत मात्र सरी-वरंबा पद्धत वापरावी. वरंब्यात माती भुसभुशीत राहते, जादा पाणी सरीतून निघून जाते व कंदाला फुगण्यास जागा मिळते. ४५ सें.मी. अंतरावर सऱ्या पाडून वरंब्याच्या एका बगलेस १५ सें.मी. अंतरावर, सुमारे २ सें.मी. खोल बी टोकावे. हेक्टरी ८ ते १० किलो बियाणे पुरते. पेरणीपूर्वी बी १२ तास पाण्यात भिजवावे.

रोपे उपटून दुसरीकडे लावू नयेत. सोटमूळ तुटले किंवा वाकले की कंद बेढब होतो.

विरळणी विसरू नका : आपण ज्याला बीटाचे एक बी म्हणतो, तो खरे तर अनेक बियांचा गुच्छ असतो. त्यामुळे एका ठिकाणी दोन ते पाच रोपे उगवतात. ती तशीच ठेवल्यास एकही कंद नीट पोसत नाही. रोपे ३-४ पानांची झाल्यावर एक जोमदार रोप ठेवून बाकीची जमिनीलगत खुडावीत; उपटल्यास शेजारच्या रोपाची मुळे हलतात. खुडलेल्या कोवळ्या पानांची भाजी होते.

उत्पादनाचा हिशेब : ४५ × १५ सें.मी. अंतरावर हेक्टरी सुमारे १ लाख ४८ हजार झाडे बसतात. प्रत्येक कंद सरासरी १५० ग्रॅमचा धरला, तर सुमारे २२ टन उत्पादन होते. दहापैकी दोन जागा रिकाम्या राहिल्या, तर साडेचार टनांची घट येते. म्हणून नांग्या वेळीच बी टोकून भराव्यात.

पहिल्या वर्षी एका लहान बांधीत निम्मे बी सपाट व निम्मे वरंब्यावर टोकावे आणि काढणीला दोन्हींचे वजन करावे. आपल्या जमिनीला कोणती पद्धत मानवते, हे तुम्हाला स्वतःच्या तराजूवर कळेल.