घरी आलेल्या मधमाश्या

फुलोऱ्याच्या दिवसांत एखाद्या सकाळी गॅलरीच्या कठड्याला तपकिरी रंगाचा हलता घोस लटकलेला दिसतो आणि घरात एकच धावपळ उडते. दारे-खिडक्या लावल्या जातात, मुलांना आत घेतले जाते, सोसायटीचे सचिव औषध फवारणाऱ्याला दूरध्वनी करतात. दुपारपर्यंत जिन्यात मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. ज्या घरात तीन पिढ्यांत मधाचा थेंब आलेला नाही, त्या घरातूनही या फवारणीची वर्गणी मुकाट्याने दिली जाते.

वास्तविक असा उघडा घोस म्हणजे बहुधा पोळे नसतेच. ती वाटेत विसावलेली वसाहत असते. पोळ्यात दाटी झाली की तेथे नवी राणी तयार होऊ लागते आणि जुनी राणी बऱ्याच कामकरी माश्यांसह बाहेर पडते. थवा मध्येच कोठेतरी थांबतो आणि शोधक माश्या जागा पाहण्यास निघतात. परतलेली शोधक माशी थव्याच्या अंगावरच नाचून जागेची दिशा व अंतर सांगते. मधमाश्यांच्या या नृत्यभाषेचा अर्थ उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश १९७३ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी तर थव्यावरील नाच वाचून, थवा उठण्यापूर्वीच त्याचे नवे घर शोधून काढले होते. निरनिराळ्या माश्या निरनिराळ्या जागा सुचवतात. बहुतेकींचे एकमत झाल्यावरच थवा हलतो. सोसायटीच्या वार्षिक सभेने हेवा करावा अशीच ही रीत! यास काही तास, क्वचित एक-दोन दिवस लागतात. तेवढा काळ गॅलरीचे दार लावून ठेवणे, एवढेच यजमानाचे काम.

सातेरी माशीची गोष्ट निराळी. तिला अंधारी पोकळी हवी असते. भिंतीतील भोक, मीटरची पेटी, कधी न उघडलेले कपाट तिला झाडाच्या ढोलीसारखेच वाटते. तेथे विष फवारले तर माश्या मरतात, पण मध आणि अळ्या आतच कुजतात, मुंग्या लागतात. शिवाय मेणाच्या वासाने पुढचा थवा तेथेच येऊ शकतो. म्हणजे खर्च करूनही काम अपुरेच. जाणता मधपाळ हीच वसाहत राणीसह पेटीत हलवू शकतो. त्यानंतर मेण खरवडून भोक बुजवावे. माश्या आत असताना मात्र कदापि नाही.

उंच इमारतींवरील आग्या माशीपासून सर्वांनीच दूर राहावे. चिरडलेल्या किंवा डंख मारलेल्या माशीच्या गंधाने इतर माश्या चवताळतात. डंखाची ॲलर्जी असणाऱ्यांच्या तर जिवावर बेतू शकते. ते पोळे हलवणे अननुभवी माणसाचे काम नव्हे.

संध्याकाळी दिव्याला भुलून हीच माशी एकटी-दुकटी घरात शिरते. तिच्यामागे केरसुणी घेऊन धावू नये. त्या खोलीतील दिवा मालवावा, दार ओढून घ्यावे. माशी कोठेतरी भिंतीवर बसून राहते आणि सकाळी खिडकी उघडली की उजेडाच्या दिशेने निघून जाते.