निरोपाच्या भाषणातला देव

जानेवारी सरत आला की रोह्यातल्या आणि कुंडलिकेपलीकडच्या अष्टमीतल्या शाळांना दहावीच्या निरोप समारंभाचे वेध लागतात. नववीची मुलं वर्गणी काढतात, कुणी फळ्यावर रंगीत खडूनं वेलबुट्टी काढतं. ठरलेल्या दिवशी पाहुणे सरस्वतीच्या तसबिरीला हार घालतात, नारळ फुटतो, समई लागते. मग ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ अशी सुरुवात करत एखादी मुलगी माइकसमोर उभी राहते. आवाज कापत असतो, पाठ केलेलं निम्मं विसरलेलं असतं. शेवटी कुणी ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’ म्हणतं, कुणी ‘जय शिवराय’, कुणी ‘जय भीम’. कुणी बाप्पाचे आभार मानतं, कुणी अल्लाचे.

तासाभराच्या या कार्यक्रमात देव दोन वाटांनी येतो. एकदा शाळा त्याला आणते, एकदा ते मूल. दोन्ही वेळा हॉल तोच आणि माइकही तोच, म्हणून हा फरक सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. कायद्याच्या दृष्टीनं मात्र तो फार मोठा आहे.

अमेरिकेत याच फरकावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाया झाल्या. १९८९ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात एका सरकारी माध्यमिक शाळेनं पदवीदान समारंभात प्रार्थनेसाठी एका ज्यू धर्मगुरूला बोलावलं. हरकत घेतली ती एका ज्यू कुटुंबानंच. प्रार्थना त्यांच्याच परंपरेतल्या माणसानं म्हटली होती, तरी सरकारी शाळेनं ती घडवून आणावी हे त्यांना मान्य नव्हतं. ‘ली विरुद्ध वाइझमन’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात १९९२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: समारंभाला न येण्याची मुभा कागदावर असली तरी आयुष्यातला असा दिवस कुठलं मूल चुकवेल? सगळे उभे राहिल्यावर एकटं बसून राहण्याचा धीर किती जणांना होईल? हा दबावच आहे, असं न्यायालयानं मानलं.

मग काही शाळांनी मुलांवरच सोपवलं: मतदान घ्या, बहुमत असेल तर प्रार्थना करा. न्यू जर्सीत, जिथे आज हजारो मराठी घरं आहेत, तिथल्या एका शाळा-मंडळाचा असा ठराव अपील न्यायालयानं १९९६ मध्ये अमान्य केला. वर्गातल्या बहुसंख्यांनी हात वर केले म्हणून उरलेल्यांची श्रद्धा मतदानाला लावता येत नाही. हा मुद्दा आपल्याकडच्या प्रत्येक शालेय समितीनं वाचावा असा आहे.

पण पहिली आलेली विद्यार्थिनी स्वतःच्या भाषणात देवाबद्दल बोलू लागली तर? या प्रश्नावर अमेरिकेतही गुंता झाला. २००६ मध्ये नेवाडात एका विद्यार्थिनीनं शाळेनं कापलेला येशूविषयीचा मजकूर तरीही वाचायला घेतला आणि तिचा माइक बंद करण्यात आला. न्यायालयांनी शाळेची बाजू घेतली, कारण भाषण आधी शाळेच्या हातून तपासून जात होतं. ज्या भाषणावर शाळेनं कात्री चालवली, ते शाळेचं मानलं जाण्याचा धोका असतोच. अमेरिकी शिक्षण खात्याच्या सूचना मात्र वेगळी वाट दाखवतात. वक्ता धर्म न पाहता निवडला असेल आणि काय बोलायचं हे मुख्यतः त्याचं त्यानंच ठरवलं असेल, तर त्याचे शब्द त्याचेच. त्यात देव आला म्हणून ते रोखू नयेत.

आपल्याकडे हा प्रश्न न्यायालयात भाषणाच्या वाटेनं फारसा आलेला नाही, प्रार्थनेच्या वाटेनं आला. नाशिकमधल्या एका अनुदानित शाळेतले शिक्षक परिपाठाला उभे राहत, पण प्रार्थनेच्या वेळी हात जोडत नसत. त्यापायी त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. नोव्हेंबर २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की हात जोडण्याची सक्ती करणं हा त्यांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे. त्याआधी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या तीन मुलांना शाळेत परत घ्यायला लावलं होतं. राष्ट्रगीताला ती आदरानं उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत प्रार्थनेवरची याचिका जानेवारी २०१९ मध्ये दोन न्यायमूर्तींनी घटनापीठाकडे सोपवली.

शाळेतल्या धर्मशिक्षणाबद्दल आणि उपासनेबद्दल राज्यघटनेचं अठ्ठाविसावं कलम बोलतं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत, म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतही, धर्मशिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धर्मशिक्षण वा उपासना होत असेल, तर मुलाला त्यात बसवण्यासाठी पालकांची संमती लागते. आपल्या प्रवेश अर्जात धर्माचा आणि जातीचा रकाना असतो. या संमतीचा रकाना शोधावा लागतो.

७ डिसेंबर १९४८ रोजी या कलमावर संविधान सभेत चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी उदाहरण दिलं ते मुंबईच्या एका महापालिका शाळेचं. तिथे हिंदू मुलं असतील, ख्रिस्ती असतील, पारशी असतील, ज्यू असतील. मग शाळेनं कुणाचा धर्म शिकवायचा?

त्या यादीतलं ज्यू मूल अष्टमीला परकं नाही. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या बेने इस्राएल समाजाची आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, केहिमकर आणि अष्टमकर. घाणा चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. त्यांची मुलं मुंबईत शिकायला लागली तेव्हा १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकरांनी समाजासाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी हायस्कूल झाली. समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले, आणि त्या शाळेच्या बाकांवर आता मुख्यतः मुस्लिम मुलं बसतात. शाळा एका धर्माची असली तरी वर्गातलं मूल दुसऱ्या धर्माचं असू शकतं, हे कलम लिहिणाऱ्यांनी आधीच ओळखलं होतं.

रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला पोलिस सशस्त्र मानवंदना देतात, आणि त्या दिवशी अख्खं गाव रस्त्यावर असतं. श्रद्धा इथे घरात कोंडून ठेवायची गोष्ट कधीच नव्हती, आणि ती शाळेच्या दारात चपलेसारखी काढून ठेवा असं मुलांना सांगणं निर्दयपणाचं होईल. पण पालखीला जायचं की नाही हे माणूस स्वतः ठरवतो. शाळेच्या हॉलमध्ये मूल ओळीत उभं केलेलं असतं, आणि हजेरी घेणारे सर त्याच्याकडे बघत असतात.

सोपी वाट याच जिल्ह्यात सापडते. माणगाव तालुक्यात वडघरला साने गुरुजींचं स्मारक आहे. त्यांची प्रार्थना मराठी शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या म्हटली. तिच्यात एकाही पंथाच्या देवाचं नाव नाही. २०२० पासून राज्यातल्या शाळांत संविधानाची उद्देशिकाही वाचली जाते. निरोप समारंभाची सुरुवात यांपैकी कशानंही होऊ शकते. हार घालायचाच असेल, तर ज्याला हात जोडायचे नाहीत त्यानं नुसतं उभं राहिलेलं चालतं, हे वर्गशिक्षकांनी आदल्या दिवशी वर्गात सांगून ठेवावं. पुढे माइक त्या मुलीच्या हाती द्यावा आणि तिचा कागद आधी मागू नये. ती बाप्पाचं नाव घेईल, पीरबाबाचं घेईल, बुद्धाचं घेईल, नाहीतर फक्त डबा भरून देणाऱ्या आईचं.