हलकं, पण किती हिवाळ्यांचं?

आमच्या बालाघाटात बर्फ म्हणजे उसाच्या रसातला. त्यामुळे गेल्या दिवाळीत बेळगावच्या अक्काची मुलगी कागदात गुंडाळलेली लोखंडासारखी जोडी घेऊन आली आणि "मामा, हे स्कीचं बाइंडिंग, जरा तपासून द्या" म्हणाली, तेव्हा मी हसलोच. माझं आयुष्य मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत डंपरांचे भाग तपासण्यात गेलं. भाची म्युनिकला नोकरी करते. फेब्रुवारीत तिला आल्प्समधली खिंड ओलांडायची होती, आणि "आधी मामाला दाखव, मग जा" अशी अक्काची ताकीद होती.

ही स्की घसरण्याआधी डोंगर चढायची. तळाला एकाच दिशेने घसरणारी पट्टी चिकटवायची आणि टाच मोकळी ठेवून चालत जायचं. बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी धातूच्या खोबणी असतात, त्यात बाइंडिंगच्या दोन पोलादी पिना शिरतात. उतरताना मागच्या पिना टाच पकडतात. जोरात पडलात तर स्प्रिंग पाय सोडून देते, नाहीतर गुडघा जातो. ही दोन पिनांची युक्ती ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी 1980च्या दशकात काढली. जुन्या चौकटीच्या बाइंडिंगचं वजन एका पायाला किलोच्या वर जायचं. भाचीचं तीनशे ग्रॅमही नव्हतं.

मी हातात घेऊन म्हणालो, "फार हलकं आहे गं." ती चिडली. मराठीत हलकं म्हणजे कमी दर्जाचंही, आणि तिच्या वडिलांच्या कन्नडमध्ये 'हगुर' बोलणं म्हणजेही कमी लेखणं. तिचं म्हणणं, दिवसभरात हजारो पावलं टाकताना प्रत्येक वेळी पायावरचं वजन उचलावं लागतं; मामा, तुम्ही चढून बघा. मुद्दा बरोबर होता.

तपासायला बसलो. पिनांना थोडी झीज होती, पण तेवढी चालते. टाचेकडचा भाग किंचित डुगडुगत होता. प्लॅस्टिक ऊन आणि थंडी खाऊन पांढुरकं झालं होतं. पायाला काय खटकतंय विचारलं, तर काहीच नाही. मग पुढच्या पकडीवर आमच्या वर्कशॉपमधली जुनी युक्ती केली. धातू स्वच्छ पुसायचा, लाल द्रव लावायचा, थोडा वेळ थांबून पुसायचा आणि वरून पांढरी भुकटी फवारायची. चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग वर येतो. उजव्या पकडीच्या ॲल्युमिनियमच्या दांडीच्या मुळाशी केसाइतकी लाल रेघ उमटली.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण मागच्या मार्चमध्ये छान चाललं की!"

चाललं, कारण ॲल्युमिनियम तक्रार करत नाही. पोलादाला एका मर्यादेच्या आत ताण दिला तर ते जवळजवळ कितीही वेळा झेलतं. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. ताण लहान असला तरी मोजणी चालूच राहते. 1954 साली कॉमेट विमानं कोसळली, तीही अशाच थकव्याने. म्हणून मी तिला विचारलं, हे किती दिवस वापरलंस? तिने बोटं मोजली. अकरा हिवाळे, पण पहिले चार कोणा दुसऱ्याच्या पायात. जोडी जुनी घेतलेली. त्या माणसाने ते किती दिवस वापरलं, कितीदा पडला, कोण सांगणार? वजन ग्रॅममध्ये पाठ असतं, दिवसांची वही मात्र कुणी ठेवत नाही.

"डावं तर चांगलं आहे ना?" तिने विचारलं. डाव्यावर लाल रेघ नव्हती. पण त्याचे हिवाळेही अकराच. मी दोन्ही ठेवून घेतली. नव्या जोडीला पाचशे युरोच्या आसपास पडतात म्हणाली, आणि तोंड पाडून बसली. मीही काही बोललो नाही. माझ्या एका महिन्याच्या पेन्शनहून ते फार कमी नव्हतं.

रात्री अक्काचा फोन आला. तीस वर्षं कन्नड घरात काढल्यावर ती माझ्याशीही तसंच बोलते. "सरि आतेनो?"

"इल्ला अक्का," म्हटलं, "नवीन घ्यायला सांग तिला."