एका पायाचा भार

गेल्या श्रावणांत घराच्या ओल्या चौकांत मी पडलों. निमित्त क्षुल्लक होतें. पूजेच्या पाण्याचा तांब्या घेऊन पायरी उतरत असतां धाकट्या नातवानें हांक मारली, मान तिकडे वळली आणि पाय घसरला. मनगटाचें हाड मोडलें, तें यथाकाल जुळलें. परंतु मनांत बसलेली भीति कांहीं केल्या जाईना. सत्तरीच्या उंबरठ्यावर एकदां पडलेल्या माणसास पायरीच्या जागीं दरी दिसूं लागते, हें ज्यांनीं अनुभविलें आहे त्यांस निराळें सांगावयास नको.

आमच्या घरचा व्यायाम म्हणजे मोजणीचा व्यायाम. औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा जो पुरस्कार केला, त्याची आमच्या वडिलांवर मोठी छाप होती. अमरावतीस १९१४ सालीं निघालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकांत जाऊन आलें, ही हकीकत तर ते दर दिवाळीस नव्यानें सांगत. स्वतः पंतप्रतिनिधींचा भर समंत्रक, विधिपूर्वक नमस्कारांवर होता. पण मेहकरास आमच्या ओसरीपर्यंत येतां येतां त्यांतील आकडा तेवढा शिल्लक राहिला. नमस्कार किती झाले, एवढेंच विचारलें जाई. कसे झाले, हें कोणीं विचारल्याचें मला स्मरत नाहीं.

बंगळूरास नोकरी करणारी माझी पुतणी दिवाळीस आली, ती घरूनच काम करण्याची सवलत असल्यामुळें दोन महिने राहिली. ती रोज पहाटे गच्चीवर ताईची नांवाचा चिनी व्यायाम करी. प्रथम मला हंसूं आलें. पाण्यांत बुडालेला मनुष्य जसा हालेल, तशी ती हाले. शेजारच्या वकीलसाहेबांनीं तर आपल्या गच्चीवरून विचारलें, “ताईंचें कांहीं हरवलें आहे काय? हवेंत शोधताहेत म्हणून म्हटलें.”

हा व्यायाम मूळचा लढण्याच्या विद्येंतला. कोणा सिद्धपुरुषानें तो निर्माण केला अशी आख्यायिका चीनमध्यें आहे. सिद्धपुरुषांची उणीव त्यांनाही नाहीं. परंतु त्याचा विश्वसनीय माग हेनान प्रांतांतील चेन घराण्याच्या गांवापर्यंत, सतराव्या शतकापर्यंत लागतो. एकोणिसाव्या शतकांत यांग लुचान यानें तो तेथून पेकिंगला नेला. पुढें १९५६ साली सरकारी क्रीडाखात्यानें सामान्य जनांसाठीं चोवीस हालचालींचा सोपा क्रम बसविला. पुतणी करी तो हाच. सारा क्रम पांचसहा मिनिटांत संपतो. त्यांतील हालचालींचीं नांवें मोठीं गोड आहेत. एकींत रानघोड्याची आयाळ दोहोंकडे सारावयाची, दुसरींत पांढऱ्या क्रौंचानें पंख पसरावयाचे.

नांवें गोड असलीं तरी काम कठीण. मुद्दा एवढाच, कीं जो पाय उचलावयाचा त्यावरील सर्व भार आधीं दुसऱ्या पायावर न्यावयाचा. एक पाय भरलेला, दुसरा रिकामा. रिकामा झालेला पाय मांजरीसारखा अलगद पुढें ठेवावयाचा; तेथील जमीन चांचपावयाची आणि मगच भार हळूहळू तिकडे ओतावयाचा. जन्मभर चालत आलेल्या मला हें चार दिवस साधेना. घाईंत आपण भार अर्धवट ठेवूनच पाऊल फेंकतों, आणि तें चुकलें कीं मागें घेतां येत नाहीं. चौकांत माझें नेमकें हेंच झालें होतें. ताईचीनें सर्व रोग जातात असें म्हणणारे पुष्कळ भेटतील, त्यांजवर माझा विश्वास नाहीं. परंतु अमेरिकेंतील ओरेगॉन संस्थानांत कंपवाताच्या १९५ रोग्यांवर केलेला प्रयोग २०१२ सालीं प्रसिद्ध झाला आहे. आठवड्यांतून दोनदां, तासतासभर, चोवीस आठवडे ताईची करणारे लोक नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षां कमी वेळां पडले, असें त्यांत आढळलें. एवढें मला पुरेसें वाटलें.

आमच्या गांवीं १८८८ सालीं जमिनींतून निघालेली शारंगधर बालाजीची भव्य काळी मूर्ति आहे. लहानपणापासून मी तिच्यापुढें उभा राहत आलों. तिचे पाय मात्र यंदा प्रथमच नीट पाहिले. देव दोन्हीं पायांवर सारखा भार देऊन उभा आहे. त्याला कोठें जावयाचें नाहीं, म्हणून तें त्यास शोभतें.

एके सकाळीं पुतणी म्हणाली, “मोठेकाका, पाय उचलतां आहां, पण भार तेथेंच ठेवतां आहां. तुमचा त्या पायावर विश्वासच नाहीं.” ती पायाविषयीं बोलत होती. मला मात्र चिरंजीवाची आठवण झाली. तीन वर्षांपूर्वीं घरचा हिशेब आणि पैनगंगेकाठची शेती मीं त्याच्या हवालीं केली, असें मी चारचौघांत सांगत असे. तिजोरीची किल्ली मात्र माझ्या जानव्यालाच होती, आणि रोज संध्याकाळीं दिवेलागणीनंतर “आज काय केलेंस?” हा प्रश्न चुकत नसे. गेल्या मृगांत सोयाबीनऐवजीं कांहीं एकरांत तूर घ्यावी असें त्याच्या मनांत होतें. मीं नाहीं म्हटलें नाहीं, होही म्हटलें नाहीं. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, पेरणी लांबली, आणि पुढें पिकाला दोष देण्यांत मीच पुढें होतों. सूनबाई त्या दिवसांत कांहीं बोलली नाहीं. पण ताट वाढतांना तिचा आवाज ऐकूं येत नसे, हें माझ्या पत्नीनें मला दोनदां सांगितलें होतें.

पुतणी बंगळूरास परतली त्याच्या दुसऱ्या दिवशीं पूजा आटोपल्यावर मीं किल्ली सोडून चिरंजीवाच्या हातीं दिली. त्यानें ती घेतली, क्षणभर थांबला आणि विचारलें, “संध्याकाळीं हिशेब दाखवूं ना?” मीं नको म्हटलें. तें म्हणतांना घसा कोरडा पडला, हें कबूल केलें पाहिजे.

यंदा आठ एकर तूर आहे. मला ती अजूनही जास्तच वाटते. पहाटे गच्चीवर मी एकटाच चोवीस हालचाली करतों. वकीलसाहेबांनीं आतां विचारावयाचें सोडलें आहे, आणि परवां तर ते आपल्या गच्चीवर हात वर करून उभे असलेले मीं पाहिले. दिवेलागणीस मात्र हात अद्याप आपोआप जानव्याकडे जातो, आणि तेथें नुसता दोरा लागतो.