एमटीआरआर : कर्नलने जपलेली मांडणी

लॅपटॉप झोपवला की मेमरीला जेमतेम जगण्यापुरती वीज मिळत राहते. प्रोसेसरची वीज मात्र तुटते आणि त्याच्या पोटातल्या रजिस्टरांमध्ये जे काही असेल ते पुसलं जातं. जागं झाल्यावर सगळं जिथल्या तिथे सापडतं, कारण कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने, झोपेआधी त्या नोंदी मेमरीत उतरवून ठेवलेल्या असतात. त्यातला एक छोटा संच म्हणजे एमटीआरआर, अर्थात मेमरी टाइप रेंज रजिस्टरं. तो परत भरायचा राहिला तर यंत्र कुठलीही तक्रार न करता चालू होऊ शकतं, पण कॅशचा आधार सुटल्यामुळे असह्य मंद चालतं.

मेमरीच्या कोणत्या पत्त्यांशी प्रोसेसरने कसं वागायचं, हे ही रजिस्टरं सांगतात. इंटेलने ती १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये आणली. साध्या रॅममधला मजकूर कॅशमध्ये ठेवला तर वेग मिळतो. नेटवर्क कार्डाची स्थिती कॅशमधून वाचली तर मात्र शिळी माहिती हाती येते, म्हणून ते पत्ते कॅशबाहेर. पडद्याच्या मेमरीसाठी तिसरी तऱ्हा आहे, राइट-कंबाइनिंगची. एकेक वीट नेण्याऐवजी घमेलं भरून न्यावं, तशी लहान लहान लेखनं एकत्र करून बसवरून एकदम पाठवली जातात.

लिनक्समध्ये या रजिस्टरांची सोय रिचर्ड गूच यांनी नव्वदच्या दशकात केली. /प्रॉक/एमटीआरआर ही फाइल त्यांचीच. राइट-कंबाइनिंगमुळे चित्रं लिहिण्याचा वेग अडीचपट किंवा अधिक वाढू शकतो, अशी नोंद त्यांच्या माहितीपत्रात आहे.

पहिल्या १ एमबीसाठी ११ ठरावीक रजिस्टरं असतात आणि ती ८८ तुकड्यांचा हिशेब ठेवतात : ६४ केबीचे ८, १६ केबीचे १६ आणि ४ केबीचे ६४. डॉसच्या काळापासून व्हिडिओ आणि बायॉस याच भागात दाटीवाटीने राहत आले, म्हणून इथे इतका बारकावा. वरच्या मेमरीसाठी पाया आणि मास्क अशा जोड्या. पेंटियम प्रोमध्ये त्या ८ होत्या. प्रत्येक जोडीचा पट्टा दोनच्या घातातलाच हवा, त्यामुळे ३ जीबीसाठी २ जीबीची आणि १ जीबीची अशा दोन जोड्या खर्ची पडतात. घरगुती संगणकांत ४ जीबी रॅम आली तेव्हा बायॉसच बहुतेक जोड्या वापरून टाकू लागला आणि ग्राफिक्ससाठी एकही उरेना. मग २००८ मध्ये लिनक्सला ही मांडणी नव्याने लावणारा कोड लिहावा लागला.

रजिस्टर वाचून ठेवणं अवघड नाही. एका सूचनेचं काम ते. खरी अडचण आहे ती केव्हा वाचायचं याची. कर्नल सुरुवातीला पहिल्या प्रोसेसरची मांडणी टिपून घेतो. पुढे वीज सांभाळणारी एसीपीआय यंत्रणा सुरू होताना फर्मवेअर, म्हणजे बायॉस, सिस्टम मॅनेजमेंट मोड या स्वतःच्या राखीव मोडमध्ये शिरतं आणि काही यंत्रांवर ठरावीक रजिस्टरं परस्पर बदलून ठेवतं, कर्नलला न सांगता. त्यानंतर दुसरा प्रोसेसर उठवताना त्याला जुनी नक्कल दिली, तर एकाच यंत्रातले दोन प्रोसेसर एकाच पत्त्याशी वेगवेगळे वागू लागतात. याचे परिणाम भयंकर असतात : एक कॅशमधलं जुनं वाचतो, दुसरा थेट मेमरीत लिहितो, आणि यंत्र कोसळतं ते मूळ दुखण्यापासून कितीतरी दूर. म्हणूनच सर्व प्रोसेसरांत हे संच सारखेच हवेत, असा इंटेलचा नियम आहे. २००७ मध्ये लिनक्समध्ये एक लहानसं फंक्शन आलं : नवा प्रोसेसर उठवण्याआधी पहिल्याची ठरावीक रजिस्टरं पुन्हा वाचून घ्यायची. मोजक्या ओळींचा हा कोड मला फार मोलाचा वाटतो. फर्मवेअरवर विसंबून न राहता तो ताजी स्थिती स्वतः पाहून घेतो.

नोंदी परत भरण्याचा विधी याहून कडक आहे. सगळे प्रोसेसर एका ठिकाणी थांबतात, इंटरप्ट बंद होतात. मग कॅश थांबवून रिकामी करायची, पत्त्यांच्या भाषांतराचा साठा पुसायचा, एमटीआरआर बंद करायची, नव्या किमती लिहायच्या, पुन्हा चालू करायची, पुन्हा कॅश रिकामी. एवढा वेळ प्रोसेसर कॅशशिवाय चालत असतो. कोअर वाढले तसं प्रत्येक नव्या कोअरमागे बाकीच्यांना खोळंबवणं महाग पडू लागलं. त्यामुळे २००९ पासून यंत्र सुरू होताना किंवा झोपेतून उठताना सगळे कोअर जागे झाल्यावर हा विधी एकदाच, एकत्र होतो. त्यात मांडणी विसंगत आढळली तर कर्नल ती दुरुस्त करतो आणि बायॉसने बहुधा सगळे प्रोसेसर नीट लावले नव्हते, असं आपल्या नोंदवहीत लिहून ठेवतो.

आज मेमरीचा प्रकार पानागणिक ठरवणारी पॅट नावाची सोय आहे आणि ड्रायव्हर सहसा एमटीआरआरला थेट हात लावत नाहीत. तरी अंतिम वागणूक दोन्हींच्या मेळातूनच ठरते. एमटीआरआरने एखादा पट्टा कॅशबाहेर ठेवला असेल, तर त्याच्या पानावर पॅटने साधी कॅश मागूनही मिळत नाही. त्यामुळे फर्मवेअरने लावलेली ही मांडणी जपून परत भरण्याचं काम कर्नलला आजही चुकलेलं नाही.