मूत्रातील अल्ब्युमिन मापनाचे प्रमाणीकरण

मूत्रातील अल्ब्युमिन या प्रथिनाचे प्रमाण कोणत्याही प्रयोगशाळेत मोजले तरी उत्तर सारखेच यावे, यासाठी चाललेल्या कार्याला अल्ब्युमिन मापनाचे प्रमाणीकरण म्हणतात. मूत्रात वाढलेले अल्ब्युमिन हे मूत्रपिंडविकाराचे, विशेषतः मधुमेहींमधील, आरंभीचे चिन्ह होय. त्या टप्प्यावर रुग्णाला बहुधा कोणताही त्रास जाणवत नाही.

मिरकरवाडा बंदरावर उन्हात राबणाऱ्या मच्छीमाराचे मूत्र घामामुळे घट्ट होते, भरपूर पाणी प्यायल्यास पातळ. म्हणून अल्ब्युमिनचे क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढतात. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅम किंवा अधिक अल्ब्युमिन तीन महिन्यांहून अधिक काळ आढळल्यास मूत्रपिंडविकार मानला जातो.

सीमारेषा एक असली तरी मोजपट्ट्या अनेक आहेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत लिटरमागे १५ मिलिग्रॅम या पातळीवर व्यावसायिक पद्धतींचा सरासरी कल उणे ३५ ते अधिक ३४ टक्के आढळला. साहजिकच सीमेजवळचा रुग्ण एका अहवालात निरोगी, तर दुसऱ्यात आजारी ठरू शकतो. यंत्रांचे अंशांकन बहुधा रक्तद्रवापासून बनवलेल्या प्रमाण पदार्थावर होते, हे यामागील एक कारण. मूत्रात मात्र अल्ब्युमिनचे बदललेले व तुटलेले रेणूही असतात.

वस्तुमान वर्णपटमितीवर आधारित संदर्भपद्धती आणि प्रमाणित मूत्रनमुने हा यावरील उपाय होय. अमेरिकेतील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने असे संदर्भपदार्थ तयार केले आहेत. भारतात आयएसओ १५१८९ नुसार एनएबीएल प्रयोगशाळांना मान्यता देते व बाह्य गुणवत्ता चाचण्याही होतात. परंतु त्यांत तुलना अनेकदा त्याच पद्धतीच्या इतर वापरकर्त्यांशी असते. सगळेच एका दिशेने चुकत असतील, तर ती चूक तेथे दिसत नाही. तोवर सकाळच्या पहिल्या मूत्राची तपासणी दर वेळी त्याच प्रयोगशाळेत करणे श्रेयस्कर.